बंधारा असूनही खाडीचं पाणी घरात का शिरतं? ठाणे-कल्याणचं गणित समजून घ्या

पावसाळ्यात 'बारवी भरलं, सावध राहा' असा मेसेज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या बहुतेक ग्रुपवर फिरतो. पण धोका नक्की कुणाला आणि किती वाजता, हे त्यात नसतं. ते कसं ओळखायचं?

खारबंधारा काय करतो?

उल्हास नदी कल्याणजवळ खाडी होते. पुढे डोंबिवली, मुंब्रा, कोलशेत, घोडबंदर करत ती वसईला समुद्राला मिळते. खाडीकाठच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध घालण्याची पद्धत जुनी आहे. राज्यात त्यासाठी 1979 चा खारजमीन विकास कायदाही आहे.

या बांधाला 'उघाडी' असते, म्हणजे एका बाजूनेच उघडणारी झडप. ओहोटीला ती उघडते आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला ती बंद होते. म्हणजेच भरतीचे काही तास आतलं पाणी आतच साठतं. पूर्वी ते शेतात, खाजणात पसरायचं. आता तिथे भराव आणि चाळी असतील, तर ते घरात येतं. भिंत उंच केली तरी हा प्रश्न उरतोच.

पूर नेमका कधी येतो?

तीन गोष्टी एकत्र आल्या की:

- मुसळधार पाऊस: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला होता.
- उधाणाची भरती: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. या दिवसांत मुंबई किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री 12 च्या सुमारास असते, खाडीत आत ती उशिरा पोहोचते.
- वरून येणारं पाणी: बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पातळी 72.60 मीटरला पोहोचली की ते आपोआप उघडतात आणि पाणी उल्हासमध्ये येतं.

धरण नसलेल्या भागातला पाऊसही पुरेसा असतो. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे 1,050 प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

घर पूररेषेत आहे का?

निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन रेषांमध्ये निर्बंध असतात.

'100 वर्षांतून एकदा' ऐकून निश्चिंत होऊ नका. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के असते. निळ्या रेषेसाठी ती 56 टक्के होते. म्हणून बुकिंगआधीच बिल्डर आणि महापालिकेकडे पूररेषेचा नकाशा मागा.

मेसेज आला तर काय तपासाल?

- उल्हासची बदलापूरची पातळी: इशारा 16.50 मीटर, धोका 17.50 मीटर.
- आजच्या भरतीची वेळ आणि उंची.
- मेसेजवर तारीख आहे का? जुने व्हिडिओ दरवर्षी फिरतात.
- खात्रीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष: 1077. सरकारी इशाऱ्यांसाठी 'सचेत' ॲप.

बांध दुरुस्त झाला, उघाडी साफ झाली, हे पावसाळ्याआधी वस्तीला सांगणं यंत्रणेचं काम आहे. सांगितलं नाही, तर वॉर्ड ऑफिसमध्ये विचारा. पाणी आत येण्याआधी घर सोडायला मिळालेला एक तासही मोलाचा असतो.