नाताळच्या तबकांतील नेवरी



डिसेंबरची चोविसावी तारीख जवळ आली म्हणजे गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून तबकें बाहेर पडूं लागतात. तबकावर विणलेला पांढरा रुमाल घातलेला असतो. तो दूर केला कीं आंत नेवऱ्या, काळाभोर दोदोल, चण्याच्या डाळीच्या वड्या, शंखाच्या आकाराचीं कुलकुलें आणि कडेला बिबिंकेचा एखादा काप, असा सारा थाट दृष्टीस पडतो. या वाणाला तिकडे ‘कोंसुवाद’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज. पोर्तुगालमध्यें त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचें जेवण असा आहे. गोव्यांत आल्यावर हा शब्द जेवणघर सोडून उंबऱ्याबाहेर पडला आणि शेजाऱ्याकडे पाठवावयाच्या गोडाधोडाचें नांव होऊन बसला. घरांतील जेवण कुटुंबापुरतें असतें. वाण मात्र दुसऱ्यासाठीं असतें. या एका अर्थांतरांत गोव्याचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे, आणि आज तें तबकच एखाद्या जुन्या बखरीप्रमाणें उलगडून पाहावें असा माझा बेत आहे.

आरंभ दोदोलापासून करूं. तांदळाचें पीठ, माडाचा काळा गूळ आणि नारळाचा रस हे त्याचे मुख्य जिन्नस. तांब्याच्या भाणांत हें मिश्रण घालून तें तासन्‌तास ढवळीत राहावें लागतें. तेल सुटेपर्यंत हात थांबवून चालत नाहीं, म्हणून आळीपाळीनें ढवळण्यास घरचीं दोन-तीन माणसें तरी लागतात. तिन्ही जिन्नस कोंकणचे, पण नांव मात्र मलायी. मलेशिया, इंडोनेशिया आणि श्रीलंका या देशांत याच नांवाचा व याच धाटणीचा पदार्थ आजहि होतो. पोर्तुगीजांनीं गोवा घेतला तो १५१० मध्यें आणि मलाक्का घेतली ती १५११ मध्यें. पुढें १६४१ मध्यें डचांनीं मलाक्का जिंकीपर्यंत या दोन्ही बंदरांवर एकच निशाण फडकत होतें आणि त्यांच्यांत गलबतांची ये-जा चालू होती. मिरी, लवंग आणि जायफळ यांच्या पेट्यांबरोबर दोदोलहि त्याच वाटेनें इकडे आला असावा, असा तर्क करण्यास पुष्कळ जागा आहे.

बिबिंकेचें कुळ याहून अधिक गुंतागुंतीचें आहे. अंड्यांचा पिवळा बलक आणि साखर यांवर उभ्या राहिलेल्या मिठाया ही पोर्तुगालमधील ख्रिस्ती मठांची खासियत. जुन्या गोव्यांत १६०६ मध्यें सांता मोनिकाचा मठ स्थापन झाला. संन्यासिनींचा आशियांतील हा पहिला मठ. म्हणजे अंडीं-साखरेची ती विद्या इकडे येण्यास माणसें होतीं. पण बिबिंकेंत दूध आहे तें गाईचें नव्हे, नारळाचें. पिठाचा एक थर ओतावयाचा, वरून निखाऱ्यांची आंच देऊन तो तांबूस होऊं द्यावयाचा, त्यावर तूप सोडावयाचें आणि मग पुढचा थर. असे कोणी सात थर करितात तर कोणी सोळा. आंच वरून देण्याची हीच रीत फिलिपाईन्समधील ‘बिबिंगका’ नांवाच्या पक्वान्नांत आढळते. लिस्बन, गोवा आणि पूर्वेकडील बेटें अशा तिघांच्या हातची ही कृति आहे. तिच्यावर एकट्यानें हक्क सांगूं म्हणणाऱ्याची पंचाईत व्हावयाची.

आतां नेवरी. रवा किंवा मैद्याची पारी, आंत ओलें किंवा सुकें खोबरें, साखर, खसखस, वेलदोडा, काजूचे तुकडे. अर्धचंद्राची घडी, कडेला मुरड आणि तळण. ही आपली करंजीच होय. गोव्यांतील हिंदु घरांत चवथीला गणपतीपुढें नैवेद्य दाखवितात तो नेवऱ्यांचा. आणि नाताळांत त्याच नांवाची, त्याच आकाराची नेवरी ख्रिस्ती तबकांत मानानें बसते. धर्म बदलला, देव्हारा बदलला, माणसांचीं नांवें बदललीं. नेवरीचें नांव बदललें नाहीं. गोव्यांत ही गोष्ट सहजासहजीं घडली असें मात्र कोणीं समजूं नये.

गोव्यांत १५६० मध्यें इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायासन बसलें आणि, १७७४ पासून १७७८ पर्यंतचा खंड सोडला तर, तें १८१२ पर्यंत चाललें. नवख्रिस्ती लोकांनीं जुन्या चालीरीति टाकल्या आहेत कीं नाहींत, हें पाहणें त्याच्या कामाचा मोठा भाग होता. १७३६ मध्यें या न्यायासनानें एक लांबलचक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकर यांनीं १९६१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत तो वाचावयास मिळतो. लग्नांतील कोंकणी गाणीं, विड्याचें वाटप, दारची तुळस, बायकांची चोळी, पुरुषांचें पुडवें, या सर्वांवर त्यांत बंदी आहे. आणि या यादींत एक कलम असें आहे कीं भात अळणी शिजवूं नये. हिंदु लोक जसा मिठावांचून भात शिजवितात आणि मागाहून रुचीप्रमाणें मीठ घेतात, तसें ख्रिस्त्यांनीं करूं नये.

या कलमाशीं मी नेहमीं थबकतों. आपल्याकडे पान वाढतांना प्रथम मीठ वाढतात, हें आपण इतकें गृहीत धरलेलें आहे कीं त्याला कांहीं अर्थ आहे असें आपल्या मनांतहि येत नाहीं. तो अर्थ परकी न्यायाधीशाला दिसला! माणूस कोणत्या समाजाचा, हें त्याच्या प्रार्थनेवरून जितकें कळतें तितकेंच त्याच्या भातावरून कळतें, हें त्यानें अचूक ओळखलें होतें. पण याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. गोवा जिंकून सव्वादोनशें वर्षें उलटल्यावर भातांत मीठ केव्हां घालावें याविषयीं हुकूम काढावा लागतो, याचा अर्थ असा कीं इतक्या काळानंतरहि त्या सत्तेचा हात चुलीपर्यंत पोंचलेला नव्हता. चुलीपाशीं बसणारी बाई आईकडून शिकलेली कृति करीत होती, आणि ती कृति धर्माची कीं चवीची, हा प्रश्न तिला पडलेलाच नव्हता.

आपल्या बाजूनेंहि अन्नाचा बांध तितकाच कडक होता. फिरंग्यांनीं विहिरींत पाव टाकला आणि तें पाणी प्यालेला सारा गांव बाटला, ही कथा गोव्यांत आणि वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिच्यामागची भीति खरी होती. मग दोन्हीकडून असा पहारा असतां नेवरी कशी टिकली आणि पुढें ती उंबरे कशी ओलांडूं लागली? मला वाटतें, याचें उत्तर आपल्या ‘खरकटें’ या शब्दांत सांपडतें. भात, वरण, आमटी हें खरकटें. तें कोणाच्या हातचें खावें याला कडक नियम. तळलेलें, कोरडें, तुपांत किंवा साखरेंत मुरलेलें तें फराळाचें. त्याला नियम सैल. दिवाळींत आपण एकमेकांकडे फराळाचीं ताटें पाठवितों, भाताचीं पाठवीत नाहीं. कोंसुवादांतहि तेंच पाहा. सणाच्या दिवशीं ख्रिस्ती घरांत खरें जेवण असतें तें सोरपोतेल आणि सुरेनें फुगविलेलीं सान्नां यांचें. पण वाणाच्या तबकांत त्यांना स्थान नाहीं. तबकांत जातात ते टिकाऊ आणि गोड पदार्थ. नाताळचें वाण गोव्यांत ज्या रीतीनें जातें ती रीत, माझ्या मतें, या मातींतलीच आहे. नांव तेवढें लिस्बनचें.

ही देवघेव एकतर्फी नव्हती, हें सांगितल्यावांचून विषय पुरा होणार नाहीं. बटाटा, काजू, पपई, अननस हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आले आणि तीं फळें व ते कंद अमेरिका खंडांतून त्यांच्या जहाजांनीं आणले. मिरचीहि तिकडचीच, तिला आपण मिऱ्यावरून नांव देऊन घरची करून टाकली. शेंगदाणा आणि रताळें हींहि अमेरिकेचीं, आणि आजचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो कंद ब्राझीलकडचा. आतां एकादशीचें ताट डोळ्यांपुढें आणा: साबुदाण्याची खिचडी, तींत शेंगदाण्याचें कूट, हिरवी मिरची, शेजारीं बटाट्याची भाजी आणि उकडलेलें रताळें. वऱ्याचे तांदूळ आणि दहीं वगळलें तर आपला पवित्र उपवास सारा समुद्रापलीकडचा आहे! शास्त्रांत ज्या वस्तूंचें नांवच नव्हतें त्यांना निषेधहि नव्हता. आणि त्या धान्यांत मोडत नव्हत्या, म्हणून त्यांना सोवळ्यांत सहज प्रवेश मिळाला. एका पावाच्या तुकड्यानें बाटण्याची भीति बाळगणाऱ्या समाजानें त्याच जहाजांतला बटाटा देवापुढें ठेवला. इतिहासाला विनोदाचें अंग नाहीं असें कोण म्हणेल?

ऋतूनेंहि या दोन समाजांना एका पंक्तीस बसविलें आहे. पावसाळ्यांत हळदीचीं पानें तरारून येतात आणि गोव्यांत पातोळ्यांचे दिवस सुरू होतात. हळदीच्या पानावर तांदळाचें पीठ थापून, आंत गूळ-खोबऱ्याचें पुरण भरून ही पातोळी वाफवितात. हिंदूंकडे ती श्रावण-भाद्रपदाच्या सणांना होते. ख्रिस्त्यांकडे १५ ऑगस्ट रोजीं मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला होते. पंचांगें दोन, पण हळदीचें पान एकच.

वसईकडे हीच कथा थोड्या निराळ्या रीतीनें घडली. तो मुलूख १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता; १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली आणि राज्य मराठ्यांचें झालें. तेथील ख्रिस्ती समाज तेथेंच राहिला, मराठीच्या बोली बोलत राहिला, आणि त्याच्या नाताळांत आजहि करंजीची ही बहीण आहे, कुलकुलें आहेत आणि तळलेले फुगेहि आहेत.

नाताळची तयारी ही गोव्यांतील गृहिणीची खरी परीक्षा. जें अधिक टिकतें तें आधीं करावयाचें, हा तिचा नियम. पेरूची वडी आणि दोदोल यांना पहिला मान. माडाच्या शिरक्यांत मुरणारें सोरपोतेल दोन-तीन दिवस आधीं शिजवून ठेवलें म्हणजे सणाच्या दिवशीं त्याला खरी चव येते. नेवऱ्या आणि कुलकुलें यांसाठीं शेजारच्या बायका-मुलें जमतात. कुलकुलाच्या गोळीवर फणीनें रेघा उठविणें हें मुलांचें आवडतें काम. तळणाच्या दिवशीं घर भरलेलें असतें, आणि तबकें कितीं व कोणाकोणाकडे पाठवावयाचीं याची मोजदाद तेव्हांच होते.

या मोजदादींत ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला असेल त्या घराचा विचार प्रथम होतो. सुतकी वर्षांत गोव्यांतील ख्रिस्ती घरांत नाताळची मिठाई करीत नाहींत. तेथें ती शेजाऱ्यांकडून येते. आपल्याकडेहि अशा घरीं पहिल्या दिवाळीला कढई चढत नाहीं आणि फराळाचें ताट आप्त-शेजारी घेऊन जातात.