बो चर्चच्या बारा घंटा

लंडनच्या जुन्या भागात चीपसाइड नावाचा रस्ता आहे. या रस्त्यावर सेंट मेरी-ल-बो हे चर्च उभे आहे. या चर्चच्या घंटा जिथे ऐकू येतात त्या टापूत ज्याचा जन्म झाला तोच खरा ‘कॉकनी’, म्हणजे अस्सल लंडनकर, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आपल्याकडे पेठेवरून माणूस ओळखतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे पेठेची हद्द आवाजाने ठरते.

पण कोणत्या घंटांचा आवाज? आज तिथे वाजणाऱ्या घंटा १९५६ साली ओतलेल्या आहेत. त्यांच्या आधी तिथे दुसऱ्या घंटा होत्या आणि त्यांच्याही आधी आणखी वेगळ्या. मग ‘बो चर्चच्या घंटा’ म्हणजे नेमके काय? धातू, आकार, की आवाज? हा प्रश्न इतिहासाचा आहे, तितकाच पदार्थविज्ञानाचाही आहे.

आधी इतिहास पाहू. बो चर्चची घंटा रोज रात्री नऊ वाजता वाजवावी, असा ठराव शहराच्या कारभाऱ्यांनी १४६९ साली केला होता. जॉन स्टो या इतिहासकाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. १६६६ च्या मोठ्या आगीत चर्च जळाले. वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेन याने ते पुन्हा बांधले आणि १६८० मध्ये त्याचा मनोरा पूर्ण झाला. १७६२ साली तिथे दहा घंटांचा संच झाला. १८८१ मध्ये त्यात दोन घंटांची भर पडून बारा झाल्या. पुढे संच नादुरुस्त झाला. तेव्हा गॉर्डन सेल्फ्रिज या व्यापाऱ्याने खर्च उचलला आणि क्रॉयडनच्या गिलेट अँड जॉन्स्टन या ओतशाळेने काही घंटा नव्याने ओतून १९३३ मध्ये संच पुन्हा वाजता केला. हे सुख आठच वर्षे टिकले. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी लंडनवर बाँब टाकले. चर्चला आग लागली आणि घंटा मनोऱ्यातून खाली कोसळल्या.

ढिगाऱ्यातून जो धातू हाती लागला त्याचा उपयोग करून लंडनच्याच व्हाइटचॅपल ओतशाळेने १९५६ मध्ये बारा घंटा ओतल्या. मनोऱ्याची दुरुस्ती होऊन त्या वाजू लागल्या तेव्हा १९६१ साल उजाडले होते. सर्वांत मोठी घंटा सुमारे २,१३० किलोग्रॅम वजनाची आहे. प्रत्येक घंटेवर एक वचन आहे आणि बारा वचनांची आद्याक्षरे क्रमाने वाचली की ‘डी. व्हिटिंग्टन’ हे नाव तयार होते. इंग्रजी लिपीत ‘डी’चे एक आणि ‘व्हिटिंग्टन’ची अकरा, अशी बरोबर बारा अक्षरे. डिक व्हिटिंग्टन हा लंडनचा मध्ययुगीन महापौर. गरिबीला कंटाळून शहर सोडून निघालेल्या या मुलाला बोच्या घंटांनी परत बोलावले, अशी दंतकथा आहे.

आता घंटेच्या धातूकडे वळू. घंटेसाठी साधारण ७७ ते ७८ टक्के तांबे आणि २२ ते २३ टक्के कथील लागते. हे मिश्रण आपल्याला परके नाही. आपले कांसे ते हेच. काशाची वाटी किंवा झांज वाजवून पाहा, नाद बराच वेळ रेंगाळतो. कथील एवढ्या प्रमाणात असले की धातू कठीण होतो. त्याच्यातील कंपनांची ऊर्जा आतल्या आत फारशी उष्णतेत बदलत नाही, म्हणून नाद टिकतो. मात्र हा गुण फुकट मिळत नाही. असा धातू ठिसूळ असतो आणि वेडावाकडा घाव बसला तर तडकतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध घंटेची गोष्ट इथे उपयोगी पडेल. ही घंटा १७५२ साली याच व्हाइटचॅपल ओतशाळेतून गेली आणि पहिल्याच चाचणीत तडकली. पास आणि स्टो या स्थानिक कारागिरांनी ठिसूळपणा कमी करावा म्हणून तीत सुमारे दहा टक्के तांबे वाढवले आणि ती पुन्हा ओतली. घंटा मजबूत झाली, पण आवाज इतका बद्द आला की १७५३ मध्ये तिसऱ्यांदा ओतण्याची वेळ आली. मिश्रण बदलले की आवाज बदलतो, हा धडा त्यांनी असा महागात शिकला.

पण मिश्रण तेच ठेवले म्हणून आवाज तोच राहतो का? नाही. घंटा ओतताना आतला गाभा आणि बाहेरचा साचा यांच्यामधल्या पोकळीत सुमारे ११०० अंश सेल्सियस तापमानाचा रस ओततात. या पोकळीचा आकार, म्हणजे भिंतीची जाडी कुठे किती आहे, हेच घंटेचा आवाज ठरवते. धातू वितळताना जुन्या आकाराची कोणतीही खूण त्यात उरत नाही.

घंटेवर एक टोला पडला की एकाच वेळी अनेक स्वर निघतात. त्यांपैकी पाच महत्त्वाचे. चांगल्या जुळवलेल्या घंटेत त्यांच्या वारंवारतांचे प्रमाण ०.५ : १ : १.२ : १.५ : २ असे असते. संगीताच्या शिक्षकांना हे लगेच ओळखता येईल : मंद्र षड्ज, मध्य षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज. पाश्चात्त्य घंटेचा आवाज थोडा उदास वाटतो, त्यात या कोमल गंधाराचा वाटा आहे.

१८९० साली लॉर्ड रॅली यांनी इसेक्समधील टर्लिंग या आपल्या गावच्या चर्चच्या घंटांचे स्वर मोजले. घंटेचा म्हणून जो स्वर लोक सांगतात तो या पाचांपैकी पाचव्या, म्हणजे तार षड्जाच्या, बरोबर एक सप्तक खाली असतो असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधनातून कळले की २ : ३ : ४ या प्रमाणातले वरचे स्वर ऐकून आपला मेंदूच त्यांचा मूळ स्वर ‘१’ भरून काढतो. म्हणजे घंटेचा स्वर काही अंशी आपल्या डोक्यात तयार होतो! जुन्या घंटांत बहुधा प्रत्यक्षातला मध्य षड्ज या भासमान स्वराशी जुळत नसे. आर्थर सिम्पसन या धर्मोपदेशकाने १८९५-९६ मध्ये लेख लिहून पाचही स्वर जुळवण्याचा आग्रह धरला आणि लाफबरोच्या टेलर ओतशाळेने तो अमलात आणला. घंटा उलटी ठेवून लेथवर आतून धातू खरवडतात. भिंत पातळ झाली की ती अधिक लवचिक होते आणि स्वर उतरतो. खरवडलेला धातू परत चिकटवता येत नाही, म्हणून घंटा मुळात थोडी जाडच ओततात.

बारा घंटा एकत्र वाजवायच्या तर ही जुळणी फारच महत्त्वाची. इंग्लंडमध्ये प्रत्येक घंटा चाकाला बांधून पूर्ण वर्तुळात फिरवतात आणि वाजण्याचा क्रम दर फेरीला बदलतात. विद्यार्थ्यांना क्रमचयाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. सात घंटांचे ७! = ५,०४० क्रम सुमारे तीन तासांत वाजवून होतात. बारा घंटांचे १२! म्हणजे ४७,९०,०१,६०० क्रम होतात. एका फेरीला अडीच सेकंद धरले, तर सगळे वाजवायला सुमारे ३८ वर्षे लागतील.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बो चर्चच्या घंटांचे ध्वनिमुद्रण १९२६ साली झाले होते. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने ते आपल्या कार्यक्रमांच्या मधल्या वेळात वाजवले आणि जर्मन अमलाखालच्या युरोपात ते आशेची खूण ठरले. जून १९४० पासून इंग्लंडमध्ये शत्रू उतरल्याच्या इशाऱ्याखेरीज चर्चच्या घंटा वाजवायला बंदी होती. म्हणजे जमिनीवरच्या घंटा मुक्या होत्या आणि रेडिओवर वाजणारा संच, १९३३ च्या बदलामुळे, मुद्रणात होता तसा मनोऱ्यातही उरलेला नव्हता. १९५६ च्या घंटांत जुना धातू आहे, पण १९२६ चा आवाज नाही. तो फक्त त्या मुद्रणात आहे. १७६२ चा संच नवा असताना कसा वाजत होता, हे कोणीच मोजून ठेवले नाही.

बोच्या बाबतीत दुसरा मार्ग नव्हता, कारण घंटा पडून फुटल्याच होत्या. पण एरवी, केवळ बेसूर आहे म्हणून जुनी घंटा वितळवणे म्हणजे एकच प्रत असलेली पोथी नवी प्रत सुवाच्य येईल म्हणून जाळण्यासारखे आहे. आज इंग्लंडमध्ये जुनी घंटा ओतायची तर चर्चच्या यंत्रणेची परवानगी लागते आणि शक्य असेल तिथे तडा जोडून घंटा वाचवतात.

आपल्याकडेही अशा घंटा आहेत. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, मेणवली अशा ठिकाणी टांगलेल्या आहेत. त्या चर्चमधून देवळात आल्या, पण कोणी वितळवल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्यावरच्या खुणा जशा टिकल्या, तसा त्यांचा आकार आणि त्याबरोबर त्यांचा आवाजही टिकला. आज साध्या मोबाइल फोनवर आवाज नोंदवून त्यातले स्वर वेगळे करून पाहता येतात. सहलीला गेलात तर परवानगी घेऊन एका टोल्याचा आवाज नोंदवा, पाच स्वर शोधा, घंटेचा व्यास मोजा आणि सगळे तारखेसह वहीत लिहून ठेवा. सुरुवात शाळेच्या घंटेपासून केली तरी चालेल.