फुलपाखरांची शिरगणती मागितली कुणी?

उन्हाळा उतरणीला लागला तरी ब्रिटनमध्ये हौशी मंडळी ठरलेल्या वाटांवर फुलपाखरं मोजत चालत असतात. त्यांच्यावरचा आक्षेपही ठरलेला: उडता जीव मोजायचा कसा? एकच फुलपाखरू दोनदा मोजलं गेलं, दहा झुडपाआड राहिली, तर त्या आकड्याला शास्त्र कसं म्हणायचं?

आक्षेपातला तपशील सोळा आणे खरा, निष्कर्ष मात्र चुकीचा. अर्नी पोलार्ड यांनी मंक्स वुडमध्ये बसवलेली, १९७६पासून देशभर वापरात आलेली ही पद्धत एकूण फुलपाखरं किती हे सांगायला निघालीच नव्हती. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला तीच वाट. दोन्ही अंगांना अडीच मीटर, पुढे ५ मीटर, एवढ्यातलंच मोजायचं. पलीकडे कितीही देखणं काही उडो. पारा १३ अंशांखाली असेल तर घरी बसायचं. (ही अट पुणेकराच्या काय कामाची? आपल्याला ती पावसावर बेतावी लागेल.) चूक राहतेच, पण दरवर्षी साधारण तेवढीच. पाच मिनिटं मागे पडलेल्या घड्याळावरही प्रवासाला किती वेळ लागला ते कळतंच की!

यावर कुणी म्हणेल, मोजणाऱ्यांची नजर मंदावली म्हणून आकडे घसरले. मग कॉमाचं काय? फाटक्या कडांचं, मागच्या पंखाखाली पांढरा स्वल्पविराम मिरवणारं हे फुलपाखरू याच काळात वाढलं, स्कॉटलंडपर्यंत पोचलं. उलट तापलेल्या दगडावर, उघड्या पायवाटेवर पंख पसरून बसणारं वॉल ब्राऊन इंग्लंडच्या अंतर्भागातल्या मोठ्या पट्ट्यातून गेलं. पद्धत तीच, मोजणारेही त्याच जातकुळीचे. नजर काय फक्त वॉल ब्राऊनपुरती अधू झाली?

दुखरी जागा निराळीच आहे, आणि आक्षेपक तिकडे फिरकत नाहीत. हौशी माणूस वाट निवडतो तीच मुळी फुलपाखरांची: राखीव कुरण, रानाची उन्हातली कड. सरासरी देश त्यात येत नाही. त्यावर २००९मध्ये उतारा निघाला. चौरस किलोमीटरचे तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे आणि जुलै-ऑगस्टमध्ये किमान दोनदा चालायचं. मग नशिबी कापणीला आलेलं बार्लीचं शेतही येतं, आणि पुष्कळ चालून वहीत शून्य. तेही लिहायचंच; ते गाळलं तर सगळी सरासरी खोटी पडते. आपल्याकडे श्रावण सरला की मोजणारे फुललेल्या पठारांकडे धावतात. उसाच्या बांधावर वही घेऊन उभा राहिलेला कुणी मला तरी अजून दिसलेला नाही.