१३ फेब्रुवारी १९७० : ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम
बर्मिंगहॅमच्या चार कामगारपोरांचा, टोनी आयोमी, ऑझी ऑसबॉर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड यांचा ‘ब्लॅक सॅबथ’ हा अल्बम या दिवशी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. हेवी मेटलचा आरंभ बहुतेक जण इथूनच मोजतात. जवळपास सगळं ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकलं होतं. समीक्षकांनी झोडपलं, श्रोत्यांनी तो ब्रिटिश यादीत आठव्या क्रमांकावर नेला.

आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा गिटारवादक, म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली. पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं घडवली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि हलक्या तारा लावल्या. पुढं ताण कमी व्हावा म्हणून त्यानं तारा सैल केल्या, तसा सूर आणखी खाली, जड झाला.

१९७९मध्ये व्यसनांपायी ऑझीला काढलं. रॉनी जेम्स डिओ आला आणि ‘हेवन अँड हेल’नं बँडला नवा जीव दिला, माझ्या मते गायक बदलून इतकं सावरलेला बँड विरळाच. मग इयन गिलन, ग्लेन ह्यूज, टोनी मार्टिन. माणसं येत-जात राहिली, आयोमी मात्र कायम. १९९७ला ऑझी परतला. २०१३च्या ‘१३’ अल्बममध्ये वॉर्ड नव्हता, ही रुखरुख चाहत्यांना होती. ऑझीच्या निधनाआधी सतरा दिवस, ५ जुलै २०२५ रोजी, व्हिला पार्कवर मूळ चौघे एकत्र वाजले, तेव्हा ड्रमवर वॉर्डच होता.