ख्रिस्तप्रसादाचें सेवन : रोज कीं वर्षांतून एकदां?

ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं देवालयाच्या भिंती व घंटा ह्यांचा इतिहास आवर्जून लिहिला जातो. परंतु ज्या कार्यासाठीं वेदी उभारतात, त्या ख्रिस्तप्रसाद-सेवनाचाहि एक इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका सरळ नाहीं.

सन १५५ च्या सुमारास रोम येथें संत जस्टिन ह्यांनीं बादशहास उद्देशून लिहिलेल्या ग्रंथांत रविवारच्या उपासनेचें वर्णन आहे. शहरांतील व खेड्यांतील मंडळी एकत्र जमत. प्रेषितांचे व संदेष्ट्यांचे लेख वाचले जात. मग भाकर व पाणी मिसळलेला द्राक्षारस ह्यांवर उपकारस्तुति होऊन प्रत्येकास वांटा मिळे, आणि गैरहजर राहिलेल्यांच्या घरीं डीकन तो पोंचवीत. सेवन न करितां नुसतें पाहात बसणाऱ्यांचा त्यांत उल्लेखच नाहीं.

छळ थांबला, देवळें भरलीं, आणि भूक मंदावली. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया येथें संत योहान ख्रिसोस्तोम खेद करितात कीं, धर्मगुरू वेदीपाशीं व्यर्थ उभे राहतात, घेणारा कोणी येत नाहीं. सन ५०६ च्या आग्द येथील परिषदेनें नाताळ, पास्खा व पेंटेकॉस्ट ह्या तीन वेळा तरी ठरविल्या. सन १२१५ च्या चवथ्या लॅटरन परिषदेस पास्खाच्या एकाच वेळेवर समाधान मानावें लागलें. लोकांची भक्ति आटली होती म्हणावें, तर तसेंहि नाहीं. धर्मगुरू ऑस्ती उंच धरीत तेव्हां ती पाहण्यास लोक धडपडत. सन १२६४ मध्यें पोप चवथे उर्बान ह्यांनीं ख्रिस्तशरीराचा सण सर्व ख्रिस्तसभेस लावून दिला. आदरांतून भय उपजलें होतें. वाढलेल्या ताटास नमस्कार करावा आणि उपाशी उठावें, असा तो प्रकार!

हें भय सर्वस्वी खोटें नव्हे. आत्मपरीक्षा करूनच ही भाकर खावी, असें संत पौलांनीं करिंथकरांस बजाविलें होतें. सन ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन ह्यांस कोणी विचारिलें कीं, रोज घ्यावें कीं न घ्यावें? त्यांनीं जक्कय व शताधिपति ह्यांचीं उदाहरणें दिलीं. जक्कयानें प्रभूस आनंदानें घरांत घेतलें. शताधिपतीनें आपली योग्यता नाहीं असें म्हटलें. मान दोघांनींहि प्रभूचाच केला. येथें आम्हांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, शताधिपतीचे ते शब्द आपण मिस्सेंत उच्चारतों, आणि लगेच ख्रिस्तप्रसाद घेण्यास उठतों.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें सन १५५१ मध्यें ह्या संस्कारास दररोजच्या दोषांवरील औषध म्हटलें, व सन १५६२ मध्यें प्रत्येक मिस्सेस हजर असलेल्या भाविकांनीं तो घ्यावा अशी इच्छा प्रकट केली. तरीहि सन १६४३ मध्यें फ्रान्समधील आंत्वान आर्नो ह्यांनीं ह्याच विषयावर ग्रंथ लिहून इतकी पूर्वतयारी मागितली कीं, साध्या संसारी मनुष्यानें मागेंच सरावें. हा जानसेनपंथी कडकपणा पुढें फार काळ पाझरत राहिला. शेवटीं पोप दहावे पायस ह्यांच्या २० डिसेंबर १९०५ च्या हुकुमानें वाद मिटला : मोठ्या पापापासून मन मुक्त असावें व हेतु शुद्ध असावा, मग रोज येण्यास मज्जाव नाहीं. सन १९१० मध्यें सात वर्षांच्या सुमाराच्या, समज आलेल्या बालकांसहि दार उघडलें. तोंपर्यंत त्यांस दहा, बारा, कोठें चौदा वर्षांचें होईतों थांबविलें जाई.

राहिली उपवासाची अडचण. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबहि वर्ज्य असे. सन १९५३ मध्यें पाण्याची मोकळीक मिळाली, १९५७ मध्यें उपवास तीन तासांचा झाला. २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल ह्यांनीं तो एका तासावर आणिला, आणि दोन आठवड्यांच्या आंतच ते युखरिस्त परिषदेसाठीं मुंबईस आले.

आज उलट तक्रार ऐकूं येते कीं, रांग वेदीकडे लांब आणि कुमसारघर ओस. ती खरी आहे. दोन अटींपैकीं पहिली अट कोणीं रद्द केलेली नाहीं. तथापि पाठीमागच्या बाकांवरील कांहीं वडील मंडळी अद्यापि उठत नाहींत, त्यांची चिंता आम्हांस अधिक वाटते. विचारलें तर "फादर, आमची कसली लायकी?" असें उत्तर येतें. कुमसार झालेला असतो, मोठें पाप आड नसतें. आड येते ती शतकांची संवय.

सन ३२५ च्या निकेया येथील परिषदेनें, मरणोन्मुख मनुष्य प्रायश्चित्त भोगीत असला तरी त्यास शेवटचा ख्रिस्तप्रसाद नाकारूं नये, हा जुना नियम कायम केला. तेथें योजिलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रवासाचें अन्न, म्हणजे आपली शिदोरी, असा आहे. बाकावरून न उठणारी हीच मंडळी पुढें अंथरुणास खिळलीं म्हणजे स्वतः निरोप धाडतात. पहिल्या शुक्रवारीं आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन जातों, तेव्हां पाटावर शुभ्र वस्त्र अंथरलेलें असतें, मेणबत्ती लावलेली असते, आणि घरचीं सारीं माणसें दाराशीं उभीं असतात.