कोलार सुवर्णक्षेत्र : कारखाने व मारिकुप्पम लोहमार्ग

जुन्या म्हैसूर संस्थानातील, आता कर्नाटकाच्या कोलार जिल्ह्यातील सोन्याच्या खाणी, त्यांचे खनिजप्रक्रियेचे कारखाने व रेल्वेफाटा. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने येथे पद्धतशीर खाणकाम चालवले. म्हैसूर, चँपियन रीफ, उरिगाम आणि नंदिदुर्ग या मुख्य खाणी. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने त्या ताब्यात घेतल्या. पुढे भारत गोल्ड माइन्स या केंद्र सरकारच्या कंपनीने २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबवले.

चँपियन रीफची ३ किलोमीटरहून अधिक खोली सर्वत्र सांगितली जाते, पण खडकातून सोने सुटे व्हायचे ते वर, कारखान्यात. गारेचा खडक आधी लोखंडी मुसळांच्या गिरणीत कुटत. पाण्यात कालवलेली पूड पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवली की सुटे सोने पाऱ्याला चिकटे. त्यातूनही निसटलेले सोने मिळवण्यासाठी पूड सायनाइडच्या सौम्य द्रावणात ठेवत. सोने विरघळले की जस्ताच्या साहाय्याने ते परत खाली बसवत. १८८७ मध्ये ग्लासगोत निघालेली ही पद्धत आल्यावर हलक्या प्रतीचा खडकही परवडू लागला. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांनी वीज आली. राजधानीच्या रस्त्यांआधी ती खाणींना मिळाली, यावरून संस्थानाच्या तिजोरीचा ओढा कळतो.

बोरिंगपेठ (आताचे बंगारपेट) ते मारिकुप्पम हा सुमारे १६ किलोमीटरचा ब्रॉडगेज फाटा १८९४ मध्ये सुरू झाला. कोरोमंडल, उरिगाम, चँपियन ही त्यावरची स्थानके. खाणींसाठी टाकलेला हा फाटा खाणींमागेही टिकला आहे. हातची नोकरी गेलेल्या वस्तीतली माणसे आज याच गाड्यांनी बंगळूरला कामाला जातात. शहर उजाड झाले नाही याचे बरेचसे श्रेय या फाट्याला द्यावे लागते.

कारखान्यांची यंत्रे थांबली, पंप बंद पडून खाणींत पाणी भरले. शाफ्टांवरचे काही लोखंडी मनोरे अजून उभे आहेत. परवानगीवाचून आत जाणे धोक्याचे आहे. दुरून ठळक दिसतात ते सोने काढून उरलेल्या गाळाचे करडे-पांढरे डोंगर, म्हणजे ‘सायनाइड हिल्स’. पावसाने त्यांच्या कडांना खोल घळी पडल्या आहेत. वरचा थर कडक, पण तो फुटला की आत पिठासारखी बारीक पूड. उन्हाळी वाऱ्यात ती घरांत शिरते. अशा १३ ढिगांत सुमारे ३.३ कोटी टन गाळ साठला आहे. जुन्या पद्धतीतून सुटलेले थोडे सोने त्यात आहे, म्हणून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने तो गाळ पुन्हा काढण्यास संमती दिली.