पॉवर रेंजर्स, गोंदिया आणि जबलपूरचं शेपूट

पहिल्या पॉवर रेंजर्सकडे पाच 'डायनोसॉर' होते. टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, टेरोडॅक्टिल, मॅस्टोडॉन आणि सुळेवाला वाघ. यातले खरे डायनोसॉर किती? दोन! टेरोडॅक्टिल हा उडणारा सरीसृप, डायनोसॉरांचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. आणि उरलेले दोघे तर चक्क सस्तन प्राणी, डायनोसॉर संपल्यावर सहा कोटी वर्षांनी पृथ्वीवर आलेले. पण शाळेतल्या कुठल्याही पोट्ट्याला विचारा, पाचही डायनोसॉरच. एका टीव्ही मालिकेनं जगभरच्या पोरांचं जीवशास्त्र असं घाऊकपणे वाकवून ठेवलं.

माझ्या वयाच्या लोकांना (म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी जन्मलेले, आता तिशीला टेकलेले) पॉवर रेंजर्स म्हटलं की टून डिस्नेवरचा जेटिक्स आठवतो. भारतात हे चॅनल २००४ च्या अखेरीस आलं. गोंदियात आमच्याकडे घरात मराठी, गल्लीत हिंदी, कुणाच्या आजोळी पोवारी, त्यामुळे हिंदीत डब झालेली मालिका कुणालाच परकी वाटत नसे. अडचण एकच, लोडशेडिंग. राक्षस मोठा झाला की वीज जाणार हे ठरलेलं. रोबो जिंकला की नाही हे दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचं, ते सुद्धा ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच्याकडून. त्याचा भाव काय विचारता!

तेव्हा आम्ही बघत होतो ती 'डायनो थंडर'. आणि आम्ही नक्की काय बघत होतो, हे कळायला इंजिनियर व्हावं लागलं. पडद्यावर मारामारी चालायची ती जपानमध्ये शूट झालेली. अधलंमधलं शाळा-कॉलेजचं कथानक न्यूझीलंडमध्ये शूट झालेलं, आणि ते अमेरिका म्हणून दाखवलेलं. आवाज हिंदी. म्हणजे तीन देशांचा माल आणि वरून आपली फोडणी.

आता मूळ कथा. जपानच्या तोएई या कंपनीनं १९७५ मध्ये 'गोरेंजर' नावाची मालिका काढली. कल्पना शोतारो इशिनोमोरी या मांगा चित्रकाराची. पाच जण, पाच रंग, एक टीम. (ज्यांच्या आईवडिलांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' पाहिलाय त्यांच्यासाठी गंमत: ती १९६७ ची मालिकाही तोएईचीच. म्हणजे आपल्याकडे दोन पिढ्या एकाच कारखान्याच्या मालावर वाढल्या.) गोरेंजरमध्ये मोठा रोबो नव्हता. तो आला कुठून? तर स्पायडरमॅनकडून! १९७८ मध्ये तोएईनं मार्व्हलशी करार करून जपानी स्पायडरमॅन काढला आणि त्याला एक अवाढव्य रोबो देऊन टाकला. अमेरिकन कॉमिक्सवाल्यांना झीट यावी असा प्रकार, पण पोरांना तो तुफान आवडला. १९७९ च्या 'बॅटल फीवर जे' मध्ये तोच रोबो-फॉर्म्युला रंगीत टीमला जोडला गेला आणि साचा पक्का झाला. राक्षस येतो, हरतो, मोठा होतो, रोबो येतो, राक्षस फुटतो. पुढच्या आठवड्यात परत.

हैम सबान हा इजिप्तमध्ये जन्मलेला, इस्रायलमध्ये वाढलेला आणि कार्टूनचं संगीत विकून अमेरिकेत स्थिरावलेला माणूस. ऐंशीच्या दशकात जपानच्या फेरीत त्यानं हॉटेलच्या टीव्हीवर ही रंगीत मंडळी पाहिली. त्याच्या डोक्यात जे आलं ते साधं होतं: यांच्या तोंडावर हेल्मेट आहे! हेल्मेटच्या आत जपानी आहे की अमेरिकन, कुणाला कळणार? महागडी मारामारी आयती विकत घ्यायची आणि हेल्मेट काढल्यानंतरचे स्वस्त सीन अमेरिकन पोरांना घेऊन शूट करायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात त्यानं 'बायो मॅन' नावाचा नमुना भाग केला. तो कुणी घेतला नाही. त्यानंतरही कित्येक वर्षं सगळ्या चॅनलवाल्यांनी त्याला परत पाठवलं. शेवटी फॉक्स किड्सच्या मार्गारेट लोश यांनी हो म्हटलं. त्या आधी मार्व्हलमध्ये होत्या आणि स्टॅन ली स्वतः असाच एक जपानी कार्यक्रम अमेरिकेत खपवायच्या खटपटीत होता हे त्यांना माहीत होतं. २८ ऑगस्ट १९९३ ला 'मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स' सुरू झालं.

त्यासाठी वापरलेली जपानी मालिका म्हणजे 'झ्युरेंजर', १९९२-९३ ची, पन्नास भागांची. बरेच जण म्हणतात की 'ज्युरासिक पार्क' ची लाट बघून डायनोसॉर घेतले. तारखा बघा: झ्युरेंजर फेब्रुवारी १९९२ ची, ज्युरासिक पार्क जून १९९३ चा. जपान्यांचे डायनोसॉर आधीचे. सबानला मात्र त्या लाटेचा फायदा आयता मिळाला, हे खरं.

आता यातला इंजिनियरिंगचा भाग, जो मला सगळ्यात प्रिय आहे. सबानच्या टीमचं काम म्हणजे हुबेहूब आमचं काम: दुसऱ्यानं लिहिलेला जुना कोड, ज्यात हात घालता येत नाही, आणि त्याच्याभोवती आपलं वेष्टण गुंडाळून क्लायंटला नवीन प्रॉडक्ट म्हणून द्यायचं. आणि जुना कोड कुठे ना कुठे डोकं वर काढतोच. झ्युरेंजरमधला पिवळा योद्धा पुरुष होता. अमेरिकेत टीममध्ये दोन मुली हव्या होत्या म्हणून पिवळी रेंजर ट्रिनी ही मुलगी झाली. त्यामुळे गुलाबी रेंजरच्या पोशाखाला छोटा स्कर्ट आहे आणि पिवळीच्या नाही. लाखो पोरांनी हा प्रश्न कधीतरी आपल्या मोठ्या भावाला विचारला असेल!

चेटकीण रिटाचं तर अजून भारी. ती जपानी नटी माचिको सोगा, शूटिंग जपानी मालिकेतलं, आवाज अमेरिकन. हिरव्या रेंजरचं मूळ पात्र बुराई याचं आयुष्य मोजकेच तास उरलेलं असतं, म्हणून तो काळ थांबलेल्या एका खोलीत राहतो आणि फक्त लढायला बाहेर येतो. शेवटी तो मरतो. जपानी पोरांसाठी हे चालत होतं. अमेरिकेत हिरवा रेंजर टॉमी इतका लोकप्रिय झाला की त्याला मारायची कुणाची टाप नव्हती. मग पुढच्या वर्षीच्या 'दायरेंजर' मालिकेतला पांढरा पोशाख उचलला आणि टॉमी पांढरा रेंजर झाला. बाकीच्या पाच जणांचे मात्र जुनेच पोशाख ठेवले, कारण ते आता ओळखीचे झाले होते, आणि रोबो तेवढे दायरेंजरमधले आणले. याला आमच्या भाषेत पॅच मारणं म्हणतात. शिवाय मधेच जपानी शूटिंग संपलं, म्हणून तोएईकडून खास अमेरिकेसाठी नवीन राक्षसांची मारामारी शूट करून घेतली. व्हेंडरला चेंज रिक्वेस्ट.

पण या स्वस्ताईचा भार कुणावर पडला तेही सांगायला हवं. मालिका खेळण्यांच्या दुकानात पैसा ओतत होती. १९९३ च्या ख्रिसमसला ही खेळणी शोधूनही मिळत नव्हती. आणि पडद्यावरची पोरं? त्यांचं काम युनियनच्या बाहेरचं, पगार बेताचा. लाल, काळा आणि पिवळी, म्हणजे ऑस्टिन सेंट जॉन, वॉल्टर जोन्स आणि तुई ट्रँग या तिघांनी १९९४ मध्ये पैशाच्या मुद्द्यावर मालिका सोडली. कथेत त्यांना स्वित्झर्लंडच्या शांतता परिषदेला पाठवून दिलं. तोंडावर हेल्मेट असल्यानं काम अडलंच नाही. सबानला हॉटेलात जी युक्ती सुचली होती तीच इथं या पोरांवर उलटली: ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला बदलायला किती वेळ लागतो? तुई ट्रँग २००१ मध्ये अपघातात गेली, टॉमीचं काम करणारा जेसन डेव्हिड फ्रँक २०२२ मध्ये. मालिकेचे हक्क मात्र हातोहात फिरत राहिले. २००१ मध्ये डिस्ने, २०१० मध्ये परत सबान, २०१८ मध्ये हॅसब्रो, किंमत ५२.२ कोटी डॉलर्स.

न्यूझीलंडचा किस्सा सांगायचा राहिला. १९९४ मध्ये तिथल्या पालकांनी हिंसेच्या तक्रारी केल्या आणि सरकारी चॅनलनं मालिका बंद केली. नऊ वर्षांनी डिस्नेनं खर्च वाचवायला सगळं शूटिंग न्यूझीलंडलाच हलवलं. त्या शूटिंगमधलीच आमची डायनो थंडर, फेब्रुवारी २००४ ची. तिचं जपानी मूळ 'आबारेंजर', २००३ ची. यात टॉमी परत येतो, तो चक्क जीवाश्मशास्त्राचा डॉक्टर आणि शाळेत विज्ञानाचा शिक्षक होऊन. निळा रेंजर ईथन हा कॉम्प्युटरमधला किडा (आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी त्याच्याचकडे बघून कॉम्प्युटर ब्रँच घेतली असावी असा मला दाट संशय आहे). यातल्या एका भागात ही मंडळी टीव्हीवर स्वतःचीच जपानी आवृत्ती बघतात, म्हणजे इंग्रजीत डब केलेला आबारेंजरचा एक भाग. आधी ईथन वगळता बाकीचे नाक मुरडतात, मग त्यांनाही गंमत वाटू लागते. दहा वर्षं जे झाकलं ते एका भागात हसत हसत कबूल केलं. माझ्या मते सगळ्या पॉवर रेंजर्समधला तो सर्वात प्रामाणिक भाग.

पण टॉमी डॉक्टर झाला तरी त्याच्याकडचे डायनोसॉर तेच राहिले. टायरॅनो, ट्रायसेरा, टेरा. सगळे अमेरिकेच्या पश्चिमेच्या मातीतले. जपानी लेखकांनी सुद्धा तेच निवडले, कारण जगात प्रसिद्ध तेच. आणि इथं मला गोंदियाचा राग येतो. म्हणजे गोंदियाचा नाही, आमच्या शाळेच्या पुस्तकांचा.

गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी छोटी गाडी आमच्याकडे प्रत्येकाला माहीत. अडीच फुटांचे रूळ, बंगाल-नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेले. तिचा जबलपूरकडचा भाग २०१५ मध्ये बंद झाला आणि आता सगळी लाईन ब्रॉडगेज आहे. त्या लाईनच्या दुसऱ्या टोकाला भारताचा पहिला डायनोसॉर सापडला! १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर कॅप्टन स्लीमनला (हो, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच) शेपटीचे दोन मणके मिळाले. तेव्हा 'डायनोसॉर' हा शब्दसुद्धा नव्हता, तो रिचर्ड ओवेननं १८४२ मध्ये बनवला. मणके कलकत्त्याला गेले आणि १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरनं त्यांना नाव दिलं, टायटॅनोसॉरस इंडिकस.

१८७७ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी अमेरिकेत मार्शनं स्टेगोसॉरस, अ‍ॅलोसॉरस आणि अ‍ॅपॅटोसॉरस यांची नावं जाहीर केली. म्हणजे शर्यतीत आपण मागे नव्हतो. फरक पुढे पडला. तिकडे मोठी म्युझियम्स, त्यामागे धनिकांचा पैसा, पूर्ण सांगाडे उभे करायची चढाओढ. इकडे दोन मणके आणि पेटी. १९१७ ते १९ मध्ये चार्ल्स मॅटलीनं त्याच टेकडीवर पुन्हा खोदलं. १९३३ मध्ये त्यानं आणि जर्मनीच्या फॉन ह्युनेनं मिळून जो मोठा अहवाल काढला त्याच्या शीर्षकातच 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस' आहे, म्हणजे आपलाच तेव्हाचा मध्य प्रांत. जबलपूरही त्यात आणि तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेलं गोंदियाही त्यातच. त्यात एका छोट्या डायनोसॉरचं नाव जुब्बलपुरिया आहे. रोबोला शोभेल की नाही?

आता कुणी विचारेल, मग गोंदिया जिल्ह्यात का नाही सापडत? कारण आमचा दगड फार म्हातारा आहे. आमगावच्या नावानं भूगर्भशास्त्रात ओळखला जाणारा नाईस खडक दोन अब्ज वर्षांहून जुना, आणि डायनोसॉर आले साधारण तेवीस कोटी वर्षांपूर्वी. त्या दगडात डायनोसॉर शोधणं म्हणजे शिवकालीन बखरीत मोबाईल नंबर शोधणं. पण विदर्भात दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुरा आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉपनी १८५९-६० च्या सुमारास तिथली हाडं जगापुढे आणली. तिथल्याच डायनोसॉरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले, आणि २००५ मध्ये 'सायन्स' मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. तोवर समज असा होता की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच. विदर्भातल्या शेणानं जगाची पुस्तकं बदलली. त्या वर्षी आम्ही टीव्हीसमोर बसून टायरॅनोसॉरसचं स्पेलिंग पाठ करत होतो. जवळच्याच डोंगरगावचा इसिसॉरस आणि २००३ मध्ये नाव मिळालेला, डोक्यावर बुटकं शिंग असलेला गुजरातचा राजासॉरस हे दोघेही तेव्हा जगाला माहीत झाले होते. आम्हाला नव्हते.

टायटॅनोसॉरसचं पुढे काय झालं? अर्जेंटिनातले जगातले सगळ्यात मोठे डायनोसॉर ज्या गटात मोडतात त्या अख्ख्या गटाला त्याच्यावरून टायटॅनोसॉर म्हणतात. मूळ नाव मात्र २००३ मध्ये बाद धरलं गेलं, कारण नुसत्या त्या मणक्यांवरून प्राणी ओळखता येत नाही. आणि ते मणके? मधल्या काळात ते हरवलेच असं धरून चालले होते. २०१२ मध्ये नागपूरचे धनंजय मोहबे, त्यांचे सहकारी सेन आणि अमेरिकेचे जेफ्री विल्सन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहात जुन्या वस्तू तपासत होते. तिथं त्यांना स्लीमनच्या दोन मणक्यांपैकी एक सापडला. १८४ वर्षांनंतर, शाबूत.